कच्च्या गणितावर जिल्हा परिषदेचा उपाय : ‘निपुण महाराष्ट्र’ कृती कार्यक्रमाचे परीक्षण

जिल्हा परिषदेच्या शाळेकडून पालकाला जे मिळते, त्यात पाठ्यपुस्तके, गणवेश आणि पोषण आहार यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु मुलाचे गणित कच्चे निघाले तर शाळा त्यावर नेमके काय करते, हीसुद्धा एक सेवा आहे आणि तिचीही पारख व्हायला हवी, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. खासगी शिकवणी लावताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, आधीच्या मुलांचे निकाल विचारतो आणि पटले नाही तर महिन्याभरात शिकवणी बदलतो. सरकारी शाळेच्या बाबतीत मात्र ‘फुकट आहे, मिळेल ते पदरात घ्यावे’ एवढ्यावर आपली चिकित्सा संपते. वास्तविक ती फुकट नाही. तिचे पैसे आपल्याच करातून गेलेले असतात. शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आणि त्याच शाळेत शिकणाऱ्या मुलीची आई या दोन्ही नात्यांनी मी हा कार्यक्रम जवळून पाहिला आहे आणि त्यातील फक्त गणिताच्या भागाविषयी येथे लिहीत आहे. शाळेचे आणि तालुक्याचे नाव मुद्दामच दिलेले नाही, कारण जे दोष पुढे सांगणार आहे ते एका शाळेचे नाहीत.

५ मार्च २०२५ च्या शासन निर्णयाने दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी हा कृती कार्यक्रम आला आणि त्याची पहिली मुदत ३० जूनपर्यंत ठेवण्यात आली. त्याचा गाभा थोडक्यात असा आहे : प्रत्येक मुलाला आधी एकेकटे तपासायचे, संख्याज्ञान, बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार यांपैकी ते कोणत्या पायरीवर अडले आहे हे ठरवायचे, रोजचा काही वेळ इयत्ता बाजूला ठेवून त्या पायरीचेच शिकवायचे आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासायचे. चौथीतला मुलगा वजाबाकीवर अडला असेल, तर त्या वेळेपुरता तो दुसरीतल्या मुलांबरोबर बसेल आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. माझे मत आधीच सांगून टाकते. औषध योग्य आहे, मात्रा अपुरी आहे आणि गुण आला की नाही हे ठरवण्याचे काम औषध देणाऱ्याच्याच हाती ठेवले आहे.

दुखणे किती जुने आणि किती पसरलेले आहे हे समजल्याशिवाय उपायाची किंमत कळत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ २०२४ या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी येत होती आणि पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांना भागाकार. २०२२ मध्ये हेच आकडे २५.९ आणि २५.६ होते, म्हणजे सुधारणा झाली हे खरे. पण पाचवीतल्या दहांपैकी सात मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही, हेही तितकेच खरे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने घेतलेल्या ‘परख’ सर्वेक्षणात गणिताची देशाची सरासरी तिसरीत ६० टक्के, सहावीत ४६ टक्के आणि नववीत ३७ टक्के आली. तिसरीतल्या ५५ टक्के मुलांनाच ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावता आल्या, आणि सहावीतल्या ५३ टक्के मुलांनाच १० पर्यंतच्या पाढ्यांची समज होती. तिन्ही इयत्तांतली मुले वेगवेगळी आहेत हे मान्य करूनही, वरच्या वर्गात सरासरी ज्या वेगाने खाली येते त्यावरून एवढे तरी दिसते की मागे राहून गेलेला भाग पुढच्या वर्गात आपोआप भरून निघत नाही. म्हणून दुसरी ते पाचवीवर भर देण्याचा निर्णय मला मुळातच बरोबर वाटतो.

महाराष्ट्रात हा काही पहिला प्रयत्न नव्हे. २२ जून २०१५ च्या निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आले, पायाभूत आणि संकलित चाचण्या सुरू झाल्या, साताऱ्याच्या कुमठे बीटमधील (शाळांच्या गटातील) ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांना स्वतः करून शिकू देणारे, वर्ग पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक गेले आणि गावोगावच्या शाळांच्या फरशा संख्यांच्या चौकटींनी रंगल्या. करोनाच्या काळात, १ जुलै २०२१ पासून, ४५ दिवसांचा ‘सेतू’ अभ्यासक्रम झाला. त्याच वर्षी केंद्राच्या ‘निपुण भारत’ला धरून ‘निपुण महाराष्ट्र’ जाहीर झाले. त्यात पहिलीत ९९, दुसरीत ९९९ आणि तिसरीत ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असे टप्पे ठरले आणि २०२६-२७ ही मुदत घातली गेली. या सगळ्यांतून शाळेत आज उरले आहे ते साहित्य आणि चाचण्या. साहित्य फार उपयोगाचे आहे. चाचण्यांबद्दल पुढे बोलते.

वर्गात प्रत्यक्ष काय चालते, ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण या सेवेची खरी ताकद तिथेच आहे. आमच्या शाळेत तपासणीच्या वेळी ५२ मधून २७ वजा करा असे उदाहरण होते आणि तिसरी-चौथीतल्या बऱ्याच मुलांनी ३५ असे उत्तर लिहिले. हे उत्तर निष्काळजीपणातून आलेले नाही. दोनातून सात जात नाहीत, तेव्हा सातातून दोन घालवायचे, असा एक नियम मुलाने स्वतःच बसवलेला असतो आणि तो ते इमानेइतबारे पाळत असते. एरवी अशा उत्तरावर लाल शाईची फुली पडते आणि फळ्यावर हातचा घेण्याची रीत पुन्हा एकदा लिहून दाखवली जाते. या कार्यक्रमात बाईंनी तसे केले नाही. त्यांनी मुलापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि सत्तावीस काड्या मागितल्या. मुलाने दोन गठ्ठे सहज उचलून दिले. सात सुट्या द्यायची वेळ आली तेव्हा ते थबकले, बाईंकडे पाहू लागले आणि त्या काही बोलत नाहीत असे दिसल्यावर त्याने एका गठ्ठ्याचे रबर काढले. उरलेल्या काड्या मोजून झाल्यावर बाईंनी त्याला त्याचे आधीचे उत्तर दाखवले. हातचा घेणे म्हणजे एक दशक सोडवून दहा एकक करणे, हे वाक्य त्यानंतर त्याला सांगावे लागले नाही.

भागाकाराचेही असेच. ८२४ ला ८ ने भागा, असे सांगितले की पाचवीतली पुष्कळ मुले १३ असे उत्तर देतात, आणि आठशेहून अधिक रुपये आठ जणांत वाटले तर प्रत्येकाला तेराच कसे मिळतील, असा प्रश्न त्यांना पडत नाही, कारण आकडे खाली उतरवण्याच्या रीतीत रक्कम केव्हाच हरवलेली असते. खेळातल्या नोटा घेऊन आठ मुलांना गोल बसवले की आधी प्रत्येकाला शंभराची एक नोट जाते. मग दहाच्या दोनच नोटा उरतात आणि त्या आठ जणांना पुरत नाहीत. म्हणून त्यांचे सुटे करावे लागतात. मग चोवीस रुपये होतात आणि प्रत्येकाला तीन मिळतात. दहाची नोट कोणालाच मिळाली नाही, ती जागा रिकामी राहिली, म्हणून तिथे शून्य. मोठ्या माणसांनाही एवढ्या वर्षांनी या शून्याचा उलगडा होताना मी पालकसभेत पाहिला आहे. ज्या गुरुजींना हे करून दाखवता येते, त्यांच्यासाठी मी या कार्यक्रमाला भरघोस गुण देईन.

पायरीनुसार गट करण्याची कल्पना नवी नाही आणि ती कागदावरचीही नाही, हे आपल्याकडच्या पालकांना ठाऊक असायला हवे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’चा ‘बालसखी’ उपक्रम तपासला गेला होता. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट करून वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी त्यांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर मूलभूत वाचन आणि अंकगणित शिकवत असे. या उपक्रमाच्या शाळांतील मुलांचे गुण इतर शाळांच्या तुलनेत स्पष्टपणे वाढले, आणि सर्वाधिक फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो हे त्या अभ्यासाच्या लेखकांपैकी होते. २०१९ मध्ये त्यांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या अभ्यासाची दुसरी बाजू मात्र शासकीय पत्रकांत येत नाही : उपक्रम थांबल्यानंतर वर्षभराने मुलांची तपासणी केली, तेव्हा मिळालेला फायदा बराचसा ओसरलेला होता. म्हणजे मुलाला एकदा वर ओढून सोडून दिले तर ते खाली घसरते. मात्रेचा मुद्दा मी सुरुवातीला काढला तो यासाठी.

५ मार्च ते ३० जून हे कागदावर जवळजवळ चार महिने दिसतात. त्यातून एप्रिलमधील संकलित मूल्यमापन, सकाळची शाळा, निकालाची कामे आणि उन्हाळ्याची सुट्टी वजा करा. जूनमध्ये शाळा उघडते ती महिन्याच्या मध्यावर, आणि विदर्भात त्याहूनही उशिरा. शिकवायला जेमतेम दोन महिने हाती राहतात. जे मूल दशक-एककातच अडले आहे त्याला तिथून भागाकारापर्यंत नेण्यासाठी हा काळ पुरेल असे प्राथमिक शिक्षकांपैकी कोणी मला सांगितलेले नाही. काड्यांवरून आकड्यांवर यायलाच वेळ लागतो. घाई केली की मूल काड्यांची रीतही पाठ करून टाकते आणि मग ती रीतसुद्धा फळ्यावरच्या रीतीइतकीच पोकळ होते. हा कार्यक्रम जूनमध्ये, वर्षाच्या आरंभी सुरू व्हावा आणि मार्चपर्यंत दररोज एक तास चालावा; मार्चमध्ये सुरू करणे म्हणजे परीक्षेच्या तोंडावर पाया खणायला घेणे.

या ओघात संख्यावाचनाचा विषय टाळता येत नाही. मराठीत एकवीस ते नव्व्याण्णव या संख्या बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी येतो, म्हणून ‘सत्तेचाळीस’ ऐकून ७४ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात सापडतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची पद्धत जुन्या नावांच्या जोडीने देण्यात आली, तेव्हा त्यावर राज्यभर टीका झाली, विधिमंडळात कोट्या झाल्या. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे कारणे मांडली, पण ती फारशी कोणी ऐकून घेतली नाहीत. मला स्वतःला जुनी नावे प्रिय आहेत आणि ती मुलांच्या कानावर राहावीत असेच वाटते. तरीही पहिल्या पायरीवर अडलेल्या मुलासाठी ‘चाळीस आणि सात’ असे म्हणत काड्या मांडणे उपयोगी पडते, हे आमच्या शाळेत मी पाहिले आहे, आणि त्यासाठी कोणाची भाषा बुडत नाही. पाढ्यांबाबत जुन्या मंडळींचे म्हणणे मात्र मला पटते. पायरी कळल्यावर पाठांतर हवेच. सात आठे किती हे बोटांवर मोजत बसणारे मूल भागाकाराच्या मध्यातच दमते. कार्यक्रमात पाढ्यांवर याहून अधिक वेळ दिला असता तर बरे झाले असते.

गावकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत ठळक भाग म्हणजे चावडी वाचन आणि गणन. मुले गावासमोर, मंदिराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात बसून वाचन करतात आणि गणिते सोडवतात. एकीकडे याचा मोठा उपयोग झाला. पोराला ‘गणित येत नाही’ एवढेच ज्यांना ठाऊक होते, त्या आईवडिलांना नेमके काय येत नाही हे डोळ्यांनी दिसले, आणि सरपंचांपासून अंगणवाडीच्या ताईंपर्यंत सगळ्यांना शाळेत नुसते पाठांतर चालत नाही हेही कळले. दुसरीकडे, गावापुढे बसवायला कोणती मुले निवडली जातात, हे सांगायला नको. जी अडखळतात ती मागे राहतात, आणि एखादे चुकून पुढे आलेच तर त्याच्या चुकीवर हशा पिकतो. गणिताची धास्ती अशा एका हशातूनही बसू शकते. माझी सूचना अशी की चावडीवर मुलांनी उत्तरे देण्याऐवजी मोठ्यांना गणिते घालावीत आणि काड्या-नोटांनी ती सोडवून दाखवावीत. म्हणजे लाज कोणाचीच जाणार नाही आणि करमणूकही होईल.

आता तपासणीविषयी, जिथे माझी मुख्य तक्रार आहे. मूल कोणत्या पायरीवर आहे हे त्याचे शिक्षक ठरवतात, त्याला शिकवतात तेच शिक्षक, शेवटी ते पुढे गेले की नाही हे ठरवतातही तेच, आणि ती नोंद भरतातही तेच. त्या नोंदींवरून शाळेची टक्केवारी निघते, आसपासच्या शाळांच्या गटाची म्हणजे केंद्राची निघते, तालुक्याची निघते, आणि बैठकीत मागे पडलेल्या तालुक्याला उभे केले जाते. पडताळणी करणारे केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारीही त्याच टक्केवारीला बांधलेले असतात. अशा रचनेत कोणी खोटे लिहायचे ठरवण्याची गरजच नसते. तीन उदाहरणांपैकी एक बरोबर आले, तर ‘येते’ म्हणायचे की ‘येत नाही’ म्हणायचे, असा शंकेचा प्रसंग आला की शंकेचा फायदा मुलाला जातो, म्हणजेच आकड्याला जातो. असे शेकडो छोटे फायदे जमले की अहवालात तालुका निपुण होतो आणि पुढच्या जूनमध्ये पाचवीच्या वर्गात ८२४ भागिले ८ चे उत्तर पुन्हा १३ येते. ज्या मुलाला ‘येते’ असे लिहिले गेले त्याचे नुकसान यात सर्वाधिक आहे, कारण त्याच्यासाठीचा जादा तास त्या नोंदीबरोबरच बंद होतो.

‘असर’चे लोक मुलाला त्याच्या घरी जाऊन, एकट्याला, तोंडी आणि लेखी असे तपासतात आणि त्या निकालावर त्यांची बढती-बदली अवलंबून नसते; म्हणून त्यांचे आकडे कटू असले तरी त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो. जिल्हा परिषदेला एवढे करण्यासाठी बाहेरची संस्था नेमण्याची गरज नाही. शेजारच्या केंद्रातील शिक्षकांनी येऊन दर शाळेत दहा मुले तपासावीत, ती मुले त्याच दिवशी चिठ्ठीने निवडावीत, आणि तो निकाल शिक्षकाच्या मूल्यमापनासाठी वापरू नये. डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) अधिकाऱ्यांना हे आखणे सहज जमेल. चाचण्यांचीही तीच गत आहे. ‘स्टार्स’ या शिक्षणसुधारणेच्या प्रकल्पाखाली नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या आणि त्यांचे गुण विद्या समीक्षा केंद्राकडे, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या राज्याच्या यंत्रणेकडे, ऑनलाइन भरले जातात. पण अमुक मुलगी हातच्याच्या वजाबाकीत चुकते, ही माहिती ज्या शिक्षकाला हवी असते त्याला ती पेपर तपासतानाच कळलेली असते, आणि वरच्या अधिकाऱ्याला जी मिळते ती नुसती बेरीज असते. आमच्या बाईंचा गुण भरण्यात जाणारा वेळ पाहिला की तो त्याच मुलीजवळ बसण्यात का जाऊ नये, असे वाटून जाते.

शिक्षकांची बाजू मांडल्याशिवाय हे परीक्षण न्याय्य होणार नाही. राज्यात द्विशिक्षकी शाळा हजारोंनी आहेत, अनेक शाळांचा पट वीसच्या आत आहे, आणि एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा मतदारयाद्यांच्या कामाला गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग येतात. गंमत अशी की पायरीनुसार गट ही पद्धत या लहान शाळांनाच सर्वाधिक मानवते, कारण तिथे सगळ्या इयत्ता एरवीही एकाच खोलीत बसलेल्या असतात आणि चौथीच्या मुलाने दुसरीच्या मुलांत बसण्यात कोणाला वावगे वाटत नाही. मोठ्या पटाच्या शाळांत मात्र वर्ग बदलणे, गट पाडणे आणि मुलांची ने-आण यात तासाचा पाव भाग जातो. अशा ठिकाणी सगळ्या वर्गांचा गणिताचा तास एकाच वेळी ठेवणे हा साधा तोडगा आहे. मुख्याध्यापकाने मनावर घेतले तर वेळापत्रकात एवढा बदल करायला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जिचा या कार्यक्रमात विचार झालेला मला दिसला नाही. आमच्याकडे दरवर्षी बालआनंद मेळावा भरतो, मुले भाजी, भेळ, लिंबू सरबत विकतात, आणि वर्गात ज्याला ‘वजाबाकी येत नाही’ अशी नोंद आहे तोच मुलगा पन्नासची नोट घेऊन सदतीस रुपये कापून उरलेले सुटे क्षणात परत करतो. २०२५ च्या आरंभी ‘नेचर’ नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हेच दिसले : बाजारातले अवघड हिशेब तोंडी करणारी मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या उदाहरणांत अडली, आणि शाळेत जाणारी मुले बाजारातल्या हिशेबात अडली. याचा अर्थ मुलाकडे वजाबाकी आहे. कागदावरच्या मांडणीशी तिची गाठ घालून द्यायची राहिली आहे. पायरी ठरवताना तोंडी व्यवहाराचा एक प्रश्न विचारला, तर कितीतरी मुले ‘येत नाही’ या रकान्यातून ‘लिहिता येत नाही’ या रकान्यात जातील, आणि त्यांना शिकवण्याची सुरुवातही निराळ्या ठिकाणापासून करता येईल.

पाचवीच्या पुढे काय, याचे उत्तर या कार्यक्रमात नाही. सहावीत पूर्णांक, अपूर्णांकांची गणिते आणि समीकरणे सुरू होतात आणि भागाकार येतो असे तिथे गृहीत धरले जाते. डिसेंबर २०२३ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापासांना पुनर्परीक्षा आणि त्यातही जमले नाही तर त्याच वर्गात बसवण्याची तरतूद आली आहे. मागे ठेवल्याने मुलाला भागाकार येत नाही. तो कोणीतरी बसून शिकवावा लागतो, आणि शिकवण्याचा तास पाचवीनंतर आहेच कुठे? सहावी ते आठवीच्या मुलांना हाच पायरीचा तास मिळाला पाहिजे, मग त्याला निपुण म्हणा की आणखी काही.

ज्यांच्यापुढे ‘गावातली मराठी शाळा की तालुक्याची इंग्रजी शाळा आणि वर शिकवणी’ असा पर्याय आहे, त्यांना माझे सांगणे असे की दुसरी ते चौथीच्या मुलासाठी, आणि शिक्षक काड्या-नोटा हाताळणारे असतील तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतला हा तास कोणत्याही महागड्या शिकवणीपेक्षा सरस आहे. शिकवणीत बहुतेक ठिकाणी शाळेचाच गृहपाठ करून घेतात. मुलाचे नेमके कुठे अडले आहे हे शोधण्याचा उद्योग तिथे फारसा कोणी करत नाही. पाचवीच्या पुढच्या मुलाला मात्र याचा आधार धरू नका. पाचांपैकी तारे द्यायचेच तर शिकवण्याच्या पद्धतीला साडेचार, साहित्याला चार, कालावधीला दोन आणि तपासणीला दीड.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे, आणि समितीच्या बैठकीत शौचालयाच्या दुरुस्तीइतकेच हेही विचारता येते. आपल्या मुलाची पायरी कोणती, ती कोणत्या तारखेला आणि कोणत्या उदाहरणांवरून ठरली, हे लेखी मागा. काड्या-नोटांसारख्या साहित्याची गणित पेटी कपाटात आहे की वर्गात, ते उघडून पाहा. आणि ‘येते’ अशी नोंद असलेल्या मुलाला घरी ८२४ रुपये आठ जणांत वाटायला सांगा; उत्तर तेरा आले, तर ती वही घेऊन दुसऱ्या दिवशी शाळेत जा.